बरं झालं

"बाप तिकडं तापानं फणफणून राह्यला, अन् तू त्याले 'बरं झालं' म्हणते?"

डोमाकाकानं हे दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं. काखेत नायलॉनच्या जाळ्याचं नवंकोरं बंडल होतं, आणि ते खाली ठेवायचीही त्याची तयारी नव्हती. म्हणजे बसायला आला नव्हता. अमरच्या हातात एका गिऱ्हाइकाचा कीबोर्ड उलटा धरलेला होता आणि त्यातून बिस्किटाचा चुरा काउंटरवर पडत होता. सकाळचे साडेनऊ. तो आधी हसला. गावचा माणूस चंद्रपुरात भेटला की पहिल्यांदा दोन शिव्या आणि मग ख्यालीखुशाली, ही रीतच होती, आणि डोमाकाका तर बापाचा लंगोटीयार, एकाच डोंग्यातून तलावात जाळं टाकणारा. "कोण म्हणालं बरं झालं?" अमरनं विचारलं. "तूच. मोबाइलवर. रीतानं वाचून दाखवलं तवा मी होतो ना तिथी. अन् एकदा नाई, तीनदा." काकाच्या डोळ्यांत थट्टेचा मागमूस नव्हता. "मोठा झाला तू. हो ना मोठा, आमाले आनंदच हाय. पन असं मानूस दुश्मनालेही म्हणत नाई, बापू." एवढं बोलून तो पायरी उतरला. मागल्या गल्लीत त्याला जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. अमरनं "काका, ओ काका" अशी हाक मारली, पण ती इतकी बारीक निघाली की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानंच काय ते वळून पाहिलं.

मागच्या खोलीत ते होतं. खोली कसली, सामान टाकायचा बोळ. तिथं एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असायचा आणि वायरीनं त्याला अमरचा जुना मोबाइल जोडलेला असायचा, आवाज बंद करून. घरच्यांजवळ तोच नंबर होता. नवा मोबाइल अमरच्या खिशात असे, पण तो नंबर धंद्यातल्या बड्या लोकांसाठी, गावाकडे त्यानं तो दिलाच नव्हता. आज देऊ, उद्या देऊ करत राहून गेलं, असं तो स्वतःला सांगत आला होता. त्यानं पडदा उजळवला. यादी खाली सरकवताना बोट एकदम गार पडलं, आणि ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात ते जाणवून त्याला नवल वाटलं. सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, रीता: दादा बाबाले बरं नाई, थंडी वाजून ताप येते. सात वाजून अकरा मिनिटं, उत्तर: बरं झालं. काळजी घ्या. सोमवार संध्याकाळ, रीता: दादा बाबाले बरं नाई म्हणून सांगतलं ना तुले, तू कधी येते. उत्तर: बरं झालं. काळजी घ्या. मंगळवार, रीता: तू म्हणला तसंच झालं, ताप उतरला, बाबा खुश आहे. उत्तर: वा, छान! बुधवारी दोन कॉल, न उचललेले, आणि दोन्हींवर ठरलेलं उत्तर: कामात आहे, मेसेज कर. मग लगेच रीता: आज लय बरं नाई दादा, फोन उचल. उत्तर: बरं झालं. काळजी घ्या. हे त्यानं तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ते आपलं वाटेना. कुणा थंड रक्ताच्या, सभ्य, मुर्दाड माणसाचं वाटलं, आणि हा माणूस सहा महिने आपल्या नावानं आपल्या घरी बोलत होता.

चूक कुठं झाली ते त्याला क्षणात कळलं, आणि कळलं तसा तो तिथंच खोक्यावर बसला. प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. मेसेज आला की त्यातले शब्द यादीशी ताडून बघायचे, पहिला जो जुळेल त्याचं उत्तर धाडायचं, काम खलास. 'बरं' दिसलं की 'बरं झालं'. पण 'बरं'च्या पुढे 'नाही' असेल तर उत्तर द्यायचं नाही, पडदा लाल करायचा आणि दुकानभर ऐकू जाईल एवढ्यानं कॉम्प्युटर ओरडला पाहिजे. ही खबरदारी त्यानं घेतलेली होती. स्वतः मेसेज टाकून तपासून पाहिलं होतं, कॉम्प्युटर कसा बोंबलला होता तेव्हा! पण मेसेज असायचे इंग्रजी अक्षरांत, आणि यादीतल्या 'नाही'त एच होता. रीताच्या 'नाई'त तो नव्हता. झाडीपट्टीतला कुठला माणूस 'नाही' म्हणतो? अख्ख्या गावात कुणी म्हणत नाही, बाप म्हणत नाही, अमर स्वतः वयाच्या अठरा वर्षांपर्यंत म्हणाला नव्हता. एका अक्षरापायी लाल व्हायचा पडदा काळाच राहिला. 'ताप' हा शब्दही आधी धोक्याच्या यादीत होता, तो त्यानंच काढला, कारण गिऱ्हाइकांचे मेसेज येत, कॉम्प्युटर लय तापते भाऊ, आणि दिवसातून चारदा बोंब उठे.

आणि तो एच कुठून आला तेही त्याला ठाऊक होतं, विसरायचा म्हटलं तरी विसरता येण्यासारखा नव्हता. पुण्यात कोर्सला गेला तेव्हाचं ते होस्टेल, पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये कुणीतरी विचारलं, भाजी घेणार का, आणि तो म्हणाला, "नाई, मले नाई पाह्यजे." सहा जणांचं टेबल. एकानं इकडंतिकडं पाहून विचारलं, "कुठंय नाई? बोलव रे, माझी दाढी करायचीय." मग ते वर्षभर चाललं. तो दिसला की कुणीतरी गालावरून हात फिरवी. वाईट पोरं नव्हती ती, आजारपणात याच पोरांनी त्याला पेज करून पाजली. पण जीभ वळवायची म्हणजे काय असतं ते ज्याची जीभ आपसूक वळलेली असते त्याला कळायचं नाही. तो आरशासमोर उभा राहून 'नाही' म्हणायचा. ना-ही. ना-ही. 'मला'. 'तुला'. 'का', 'काऊन' नाही. दोन वर्षांत इतकी साफ झाली जीभ, की सुटीत गावी आला तेव्हा डोमाकाका म्हणाला, "हा त रेडिओवानी बोलते." बाप मात्र हरखला होता. चारचौघांत मुद्दाम त्याला बोलायला लावायचा. आणि मग यादी लिहायला बसला तेव्हा अमरच्या बोटांतून गावचं एक अक्षर उतरलं नाही, गावासाठीच ती यादी वाढवली असून. आठवलंच नाही, एवढंच. लाज वाटून टाळलं असतं तर निदान तेवढं तरी आपल्याला सांगता आलं असतं, असं त्याला वाटलं.

शटर त्यानं कसंबसं ओढलं. बस स्टँडवर गडचिरोलीची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली, आणि शहर मागं पडून दोन्ही अंगांनी सागवान सुरू झालं तसं त्याच्या डोक्यात एक वाक्य घोळायला लागलं: मी नाही म्हणालो, मशीन म्हणालं. चांगलं वाक्य होतं. सरळ, खरं, पाच शब्दांत सुटका करणारं. नव्या मोबाइलवरून रीताला फोन लावून पाहिला, लागला नाही. लागायचाच नव्हता, कारण गावात मोबाइलला नेटवर्क कुठं तर तलावाच्या पाळीवर, तेही पिंपळाच्या पलीकडे दहा पावलांत. म्हणजे रीताचा एकेक मेसेज म्हणजे घरापासून पाळीपर्यंतची एक फेरी होती. सोमवारी दोन फेऱ्या. मंगळवारी एक. बुधवारी एक, आणि तिथं उभं राहून दोनदा फोन. हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं आणि दिसणं यांत फरक असतो. आता त्याला ती दिसत होती, ओढणी डोक्यावर घेऊन, मोबाइल वर धरून, उत्तर यायची वाट पाहत उभी. उत्तर मात्र एका मिनिटात यायचं. तेवढी सोय मशीनची होती.

सुरुवात अशी वाईट नव्हती. दुकान चालू लागलं आणि गिऱ्हाइकांच्या मेसेजांनी तो मेटाकुटीला आला. झालं का, कधी होईल, काय झालं. दिवसाकाठी चाळीस-पन्नास. कोर्सात शिकलेलं थोडं, पुस्तकातलं थोडं आणि उरलेली जिद्द, असं करून त्यानं महिनाभरात ते उभं केलं. पहिलं उत्तर होतं 'होऊन जाईल'. मेसेजमध्ये 'कधी' दिसलं की होऊन जाईल. गिऱ्हाइकं खूश. मग उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुकान बंद होतं, बाहेर जीव घेणारं ऊन होतं, आणि रीताचा रोजचा मेसेज आला: जेवला का दादा. त्याला वाटलं, हे तर सगळ्यात सोपं. 'जेवला का' म्हटलं की 'हो, जेवलो. तुम्ही जेवलात का?' मग त्याला नाद लागला. त्या एका दुपारी त्यानं चाळीस उत्तरं लिहिली. 'आठवण' शब्द आला तर 'मलाही तुमची फार आठवण येते.' 'बाबा' आला आणि दुसरं काही जुळलं नाही तर 'बाबांना सांग, तब्येतीला जपा, वेळेवर जेवून घ्या.' लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे बापाचा चेहरा होता का? नव्हता. शब्दाला शब्द जुळतो की नाही, एवढंच तो बघत होता, आणि जुळला की टाळी वाजवत होता. त्याआधी तो स्वतः उत्तरं द्यायचा तेव्हा ती असायची 'हो', 'ठीक', 'नंतर'. आणि कित्येकदा तेही नाही.

गंमत म्हणजे कुणाला कळलं नाही. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती आणि या सहा महिन्यांत तो एकदाच, पोळ्याला, गावी गेला होता. तेव्हा रीता म्हणाली होती, "दादा, तू आजकाल किती चांगलं बोलते रे." त्यानं विषय बदलला. बापानं तर काही विचारलंच नाही, पण जेवताना मासोळीचा मोठा तुकडा उचलून त्याच्या ताटात टाकला, जे त्यानं आई गेल्यापासून अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं. गावातली माणसंही मग रीताकरवी प्रश्न धाडू लागली. तलावाच्या मासेमारीचा ठेका आपल्या सोसायटीले कधी मिळेल? होऊन जाईल. आणि चौथ्या दिवशी मिळाला की हो! इसरूच्या पोरीचं लग्न कधी जमते? होऊन जाईल. जमलं. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय, पण गावाला तेवढं पुरलं. अमर पहिले दोन महिने हे सगळं वाचून एकटाच बोळात बसून हसायचा. मग आठवड्यातून एकदा वाचू लागला. सप्टेंबरपासून वाचतच नव्हता.

मूल गाव मागं पडलं, धानाचे बांध सुरू झाले, ओंब्या भरून खाली वाकलेल्या. आणि तिथंच कुठंतरी त्याला पहिल्यांदा दिसलं, की त्या चांगल्या वाक्याला दुसरी बाजू आहे. मी नाही म्हणालो, मशीन म्हणालं. बरं, मग 'तुमची फार आठवण येते' कोण म्हणालं? ते तुझं आणि हे मशीनचं, अशी वाटणी कशी करणार? एक नाकारलं की सगळंच गेलं. म्हणजे एकतर आपण आजारी बापाला 'बरं झालं' म्हणणारा नालायक मुलगा, नाहीतर सहा महिने बापाशी एक शब्दही न बोललेला. त्याला दरदरून घाम फुटला. शेजारची म्हातारी म्हणाली, "बापू, गाडी लागून राह्यली का तुले? लिंबू देऊ?" तो मान हलवून नको म्हणाला. सावली गाव येईपर्यंत त्याचं ठरलं, की गप्प बसायचं. नालायक तर नालायक. शिव्या खाऊ, पाया पडू, काम होतं, वाचलं नाही, चुकून झालं असं काहीतरी सांगू. ती सहा महिन्यांची उत्तरं बापाजवळ राहू द्यावीत. ठरल्यावर त्याला जरा हलकं वाटलं, आपण काही चांगलं करतो आहोत असंही वाटलं, आणि त्याची त्याला लगेच शरमही वाटली.

सावलीला उतरून त्यानं एक काळीपिवळी टॅक्सी ठरवली आणि सरळ दारात नेऊन उभी केली. रीता ओसरीवर होती. ती ओरडेल, रडेल, निदान तोंड फिरवेल, याची त्यानं मनाची तयारी केली होती. तसं काही झालं नाही. तिनं धावत येऊन त्याचा हात धरला. "आला दादा! बरं केलं. आता तूच सांग त्याले. माया आयकतच नाई तो."

"काय सांगू?"

"दवाखान्यात चाल म्हणून! सोमवारी सरपंचाची जीप दारात आणली होती. बाबा म्हणते, अमरनं सांगतलं बरं झालं, मंग दवाखान्यात कायले?"

अमरला ऐकू आलं, पण अर्थ लागायला वेळ लागला. रीता सांगतच होती. "मले त तुया राग आला होता, तो मेसेज पाहून. वाचूनच दाखवाचा नव्हता मले. डोमाकाका म्हणे वाच, समजू दे बापाले पोराचे गुन. वाचला. त बाबा हासला. म्हणे, पाय, पोरगं म्हणते बरं झालं, म्हणजे झालं. त्याचा शब्द आजवर खाली गेला का? अन् मंगळवारी खरंच ताप उतरला, दादा! भात खाल्ला, जाळं शिवत बसला. मंग त काही बोलाची सोयच नाई. बुधवारी पुना थंडी भरली त मलेच म्हणे, जाय, अमरले इचार. तू पुना तेच सांगतलं."

थंडी वाजून येणारा ताप. एक दिवस येतो, एक दिवस जातो, ही गोष्ट जंगलाच्या या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक; बापालाही होती. पण बापानं आपल्या साठ वर्षांच्या माहितीपेक्षा आपल्या मुलाचा शब्द मोठा मानला होता. अमर दारातून आत गेला. जोड्यानं मारून घ्यायला आला होता तो, आणि इथं त्याचा देव्हारा मांडलेला होता.

बाप, इस्तारी, खाटेवर दोन घोंगड्यांखाली होता आणि खाट हलत होती. डोळे पिवळे झाले होते, ओठ फुटले होते. अमरला पाहून त्यानं हात बाहेर काढला. "आला का? कायले आला काम सोडून? बरं हाय मले."

"बाबा, चल. गाडी आणली आहे. गडचिरोलीला जाऊ, अर्ध्या तासात पोचतो."

"तूच म्हणला ना बरं झालं?"

"चुकून म्हणलो बाबा."

"तीनदा चुकते का मानूस?" बाप दात वाजत असतानाही हसला. "सोमवारी म्हणला त मंगळवारी ताप गेला. काल म्हणला, आज नाई त उद्या जाईन. तुया शब्द वाया जात नाई. सोमाजीले नेलं होतं दवाखान्यात, माया भावाले. वापस आनला का? मी नाई येत."

अमरनं विनवलं, मग आवाज चढवला, मग ड्रायव्हरला हाक मारली आणि दोघांनी मिळून त्याला उचलायला घेतलं. घोंगडी बाजूला झाली आणि बापाचं अंग हाताला लागलं; इतकं तापलेलं की अमरनं हात मागं घेतला. बापानं खाटेशेजारचा लाकडी खांब दोन्ही हातांनी धरला. जन्मभर जाळी ओढलेले हात ते. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, अशे ओढून कुठी नेता? मरून जाईन मानूस." आणि बाप, खांबाला धरून, धापा टाकत, हसऱ्या तोंडानं अमरकडे बघत होता, जसं काही अमरनंच त्याला हा खांब धरायला सांगितलं होतं. रीता दारात उभी राहून रडत होती.

बसमध्ये जे ठरलं होतं ते ठरलेलंच होतं. पण त्या ठरवण्यात बाप मरत असेल हे धरलेलं नव्हतं. अमर खाटेच्या बाजूला खाली बसला.

"मी नाई म्हणलो, बाबा. ते मी म्हणलोच नाई. मशीन म्हणलं."

"कोनती मशीन?"

"दुकानात एक मशीन लावली आहे मी. मोबाइल तिला जोडला आहे. तुमचा मेसेज आला की ती आपल्या मनानं उत्तर देते. मी बघतही नाही."

इस्तारीचे दात वाजत होते. "फोन नाई लागला की बाई बोलते, तशी? तिथी मानूस नसते, पन बोलते?"

"हो. तसंच."

"तिले माहीत नसते कोनी फोन केला त."

"नसतं."

"मंग ते," बाप थांबला. "वेळेवर जेवून घ्या म्हणे, ते?"

"तेही."

"आठवन येते म्हणे, ते?"

अमरच्या घशाशी आलं, की हे एक माझं. ते लिहिलं तर होतं मीच, बोटं माझीच होती, रविवार माझा होता. एवढं म्हटलं असतं तर फार खोटंही झालं नसतं. पण यातलं एक जरी आपलं म्हटलं, तर बाप त्या एकाला धरून राहील, आणि खांब सोडणार नाही. तो बापाच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तेही मशीनच. सगळं मशीन, बाबा. मी तुले सहा महिन्यांत एकही मेसेज नाई केला."

रीताचं रडणं थांबलं. बाप अमरकडे बघत होता, रागानं नव्हे. जत्रेत ओळखीचा समजून एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवावा आणि तो वळल्यावर भलताच निघावा, तसं. मग त्यानं खांबावरचा एक हात काढला, मग दुसरा. "रीता," तो म्हणाला, "माई चप्पल दे. जाऊ मंग."

गाडीत तो रीताच्या खांद्यावर मान टाकून मागं बसला, अमर ड्रायव्हरशेजारी. वैनगंगेचा पूल आला तेव्हा थंडी ओसरून ताप चढत होता आणि बाप काहीबाही बडबडू लागला होता, डोमाले सांगा, जाळं काढा, पानी वाढून राह्यलं. रीता त्याच्या छातीवरून हात फिरवत "हो बाबा, हो बाबा" म्हणत होती. अमरला मागं वळून काहीतरी म्हणायचं होतं. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं शब्द शोधला. 'काळजी घ्या' आलं, 'होऊन जाईल' आलं, 'बरं वाटेल' आलं. जे येई ते सगळं यादीतलं निघे. शेवटी त्यानं ड्रायव्हरला, जरा लवकर चला, एवढं सांगितलं.

दवाखान्यात बोटाला टोचून रक्त घेतलं, काचेवर पसरलं, सलाइन लागलं. तरुण डॉक्टर होता. हिवताप आहे, म्हणाला, आणि साधा, दिवसाआड येणारा नाही. उद्या आणलं असतं तर मेंदूत चढला असता, आज आणलं म्हणून वाचतील. रीता मटकन खाली बसली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ देवाचं नाव घेत राहिली. अमरला मात्र काहीच वाटेना, आणि काहीच वाटत नाही याचीच भीती वाटायला लागली. 'वाचतील' हा शब्द त्यानं मनात दोनदा म्हणून पाहिला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बापाला घाम सुटला, ताप उतरला, डोळे स्थिर झाले. त्यानं पाणी मागितलं. अमर पुढं झाला, पण ग्लास रीताच्या हातात होता.

मग नर्सबाई कागद घेऊन आल्या. नाव, गाव, वय. बापानं सगळं नीट सांगितलं. "रात्री पेशंटजवळ एकालाच राहता येईल," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "सोबत कोण आहे?"

"पोरगी हाय माई. रीता."

"आणि हे?"

इस्तारीनं मान वळवून अमरकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, तापातली नव्हती. आणि त्यानं दोन्ही हात उचलून, सलाइनच्या नळीसकट, छातीपाशी जोडले.

"हे चंद्रपूरचे हायेत, बाई. लय उपकार झाले यायचे. गाडी घेऊन आले."

नर्सबाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "मग तुम्ही बाहेर बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. रीतानं तोंड उघडलं होतं, पण ती काही बोलायच्या आत अमर बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला.